दिव्यांगांचा प्रवेश

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि पेन थबकलं. साष्टांगाला जी अंगं लागतात त्यांतले पाय माझ्याकडे नुसते जोडलेले आहेत, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा जी अंगं अजून हुकमात आहेत तेवढ्यांनी नमस्कार करते, बाकीचा तू पदरचा घालून पूर्ण करून घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाली की डॉक्टरांनी जिना बंद केलाय आणि तू तरीही चोरून गच्चीवर जातोस. जाऊ नकोस. गुडघा आपलं ऐकतोय तोवर आपण त्याचं ऐकावं, पुढे तो कोणालाच विचारत नाही (हे मी पुस्तकात वाचलेलं नाही). आमच्याकडे सगळं ठीक. आमचे हे मुद्रितशोधनाच्या नोकरीतून सुटले, पण नोकरी काही ह्यांच्यातून सुटली नाही. सकाळी वर्तमानपत्र येतं आणि दुपारपर्यंत त्याला लाल गोलांच्या कांजिण्या उठलेल्या असतात. माझ्या खुर्चीचं डावं चाक कुरकुरतं. ह्यांचंही तेच. दोघांनाही अधूनमधून तेल लावते.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला (ऊर चालू अंगांपैकी आहे). आपल्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाबद्दल तुला 'सर्वांसाठी खुली वास्तू' हा पुरस्कार मिळणार, तोही त्याच नाट्यगृहात, त्याच रंगमंचावर! घरात एक आर्किटेक्ट असल्याचं चीज झालं. पुढे तू लिहितोस की समारंभात एखाद्या लाभार्थीनं दोन शब्द बोलावेत अशी नाट्यगृहाच्या समितीची इच्छा आहे, आणि लाभार्थी म्हटल्यावर तुला पहिली मीच आठवले. ह्यात भावाच्या मायेपेक्षा माझ्या चाकांचा वाटा मोठा दिसतो, पण असो, आठवण झाली हे काय कमी? फक्त बोलायला उभी राहण्याआधी (तुला अर्थ कळला) मला लाभ नेमका कसा झाला ते तुला सविस्तर कळवावं म्हणते. कारण काम पूर्ण झाल्यावर तू तिकडे फिरकला नाहीस. तू नकाशे पाठवलेस आणि फोटो मागवलेस. फोटोत रॅम्प फार देखणा येतो, त्याबद्दल दुमत नाही.

मी तिथे गेले ती तुझ्या भाचीसाठी. पोरीला इतकी वर्षं 'चहा घेऊन येणारी मोलकरीण' आणि 'गर्दीतली दुसरी बाई' ह्यापुढे काही मिळालं नव्हतं. (पहिली बाई कायम दिग्दर्शकाची मेहुणी.) आता एकदम मुख्य भूमिका! शेवटी मोठं स्वगत आहे. ते तिनं आमच्या स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून पाठ केलं, म्हणजे माझ्याकडे पाठ करून पाठ केलं, कारण माझं तोंड दिसलं की तिला हसू फुटतं. स्वगत संपताना ती थांबते आणि मग सावकाश प्रेक्षकांकडे वळते. त्या वळण्यात सगळं नाटक आहे म्हणे. पण घरी तिथवर आली की गॅस बंद करायची आणि म्हणायची, "पुढचं थिएटरात बघ, आई." महिनोन् महिने मी तिची वेणी बघत ते स्वगत ऐकलंय, दादा. मला ती वळताना बघायची होती. माझी मागणी एवढीच होती.

सावध बाईसारखा मी आधी फोन केला. व्यवस्थापकांना विचारलं, खुर्चीची काही सोय आहे का. ते म्हणाले, खुर्च्याच खुर्च्या आहेत मॅडम, सगळ्या नवीन, गादीच्या. मी म्हटलं, तसं नव्हे, मी माझी खुर्ची घेऊन येणार आहे. त्यावर ते जरा दुखावले. म्हणाले, घरून कशाला आणता, आमच्या बघा तरी बसून. मग मी चाकं, पाय, आजार असं सगळं पुराण लावलं, तेव्हा त्यांचा आवाज एकदम इतका हळवा झाला, जणू मी सकाळीच वारले. ते म्हणाले, मॅडम, काळजीच करू नका, आपलं नाट्यगृह पूर्ण दिव्यांगस्नेही आहे, तसा फलकच लावलाय. (आम्ही आधी अपंग होतो, मग विकलांग झालो, आता दिव्यांग आहोत. एवढ्या वेळा नाव बदललं, पायऱ्या मात्र आपलं नाव राखून आहेत.)

फलक खरंच आहे. 'दिव्यांगांचा प्रवेश' असं लिहून शेजारी बाण काढलाय. तो बाण सरळ पुढे जा असं सांगत असावा, पण फलक भिंतीवर उभा असल्यामुळे बाण आकाशाकडे जातो. तिकडचा प्रवेश मला इतक्यात नको होता. आमच्या ह्यांनी चष्मा वर केला, फलक वाचला आणि तिथेच थांबले. म्हणाले, "'दिव्यांगांसाठी प्रवेश' हवं. 'दिव्यांगांचा प्रवेश' म्हणजे नाटकातला सीन वाटतो." मी म्हटलं, अहो, ढकला आता. दादा, ह्यांचं हे सीनचं वाक्य लक्षात ठेव, मीही पुढे जन्मभर ठेवणार आहे.

तुझा रॅम्प मी चढले. ग्रॅनाइटला अशी झिलई आहे की चढताना माणसाला स्वतःचा घाबरलेला चेहरा स्वच्छ दिसतो. रॅम्प फार मोकळा मोकळा वाटतो म्हणून समितीनं त्यावर दोन्ही बाजूंना कुंड्या मांडल्यात. त्यांतून माझी खुर्ची जाते, फक्त मी कोपरं बाहेर काढायची नाहीत. वर पोचल्यावर पाहिलं तर रॅम्प थेट तिकिटाच्या खिडकीशी संपतो. तिकीट काढण्याची सोय परिपूर्ण आहे. तिकीट काढून मागे वळावं तर प्रेक्षागृहाचं दार पायऱ्यांच्या वर. त्या पायऱ्यांपाशी चार भली माणसं जमली आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, "एवढ्याच तर पायऱ्या आहेत." खरंय ना, एवढ्याच आहेत. पोहता न येणाऱ्याला पाणी पुरुषभरच आहे म्हणून सांगावं, तसं. मग उचलून नेण्याचा प्रस्ताव आला. मी नको म्हटलं. त्यात माझी अब्रू आणि ह्यांची कंबर दोन्ही एकदमच गेल्या असत्या. तुझ्या मूळ नकाशात तिथे उतार होता असं तू मागे म्हणाला होतास, आणि समितीनं तो 'पुढच्या टप्प्यात' ढकलला. टप्पा हा शब्द त्यांनी छान निवडलाय, त्यातही चढायचंच असतं.

तिथेच माझी टेलिफोनकाकांशी ओळख झाली. हे गृहस्थ जन्मभर टेलिफोनच्या बोर्डावर होते, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, हातात पांढरी काठी, आणि तोंड आपल्या घराण्यातलं शोभेल असं. ते भिंतीवर काहीतरी चाचपत होते. ब्रेलमधला नकाशा बसवलाय असं त्यांना कोणी सांगितलं होतं. बसवलाय खरा, मीही पाहिला. पण लोकांचे हात लागून खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर काच लावली आहे. काका काचेवरून बोटं फिरवून म्हणाले, "गुळगुळीत नाट्यगृह दिसतंय." (दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण लाभार्थीनं काही लपवू नये. त्याला कुलूप आहे. आत झाडू, बादल्या आणि 'आपले सहर्ष स्वागत' ही पाटी असते. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो.)

एवढ्यात व्यवस्थापक धावत आले. माणूस वाईट नाही, दादा, त्याला मदत करायची इतकी हौस आहे की मध्ये आपण सापडतो. त्यांनी मार्ग काढला होता. मागच्या गल्लीत नेपथ्याचं दार आहे, सोफे, कपाटं, खोटी झाडं तिथून चढवतात, त्याला उत्तम उतार आहे. तिथून रंगमंचावर, रंगमंच ओलांडून पलीकडे, आणि तिथून पहिल्या रांगेत उतरायला एक लाकडी घडीचा उतार आहे. मी विचारलं, तो कोणासाठी केला होता? तर म्हणाले, सत्काराच्या पाहुण्यांच्या सोफ्यासाठी. पाहुणे पायऱ्या चढतात, पण सोफा चढत नाही. सोफ्याची अडचण समितीच्या चटकन लक्षात आली होती, मला कौतुक वाटलं. टेलिफोनकाका म्हणाले, मला पायऱ्या चढता येतात, मी सरळ दारानं जातो. व्यवस्थापक म्हणाले, छे छे, दिव्यांगांचा प्रवेश तिकडून. काकांनी परोपरीनं सांगितलं की अधू डोळे आहेत, पाय नव्हेत. पण फलक लागल्यावर माणसाच्या पायांना कोण विचारतो? आमची वरात गल्लीत निघाली. पुढे व्यवस्थापक, मग मी, मला ढकलत आमचे हे आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून काका.

आता इथे तुला पडदेवाल्या मामांची ओळख करून दिली पाहिजे. ह्यांचा जन्म बहुधा विंगेतच झाला असावा. पडदा पाडणं आणि उघडणं ह्यापलीकडचं जग त्यांनी बघितलं असेल तर मध्यंतरात. प्रवेश म्हणजे नाटकातला, एवढाच अर्थ त्यांना माहीत. आणि व्यवस्थापकांनी घाईघाईत त्यांना आतल्या फोनवरून निरोप दिला, "तिसऱ्या घंटेनंतर आधी दिव्यांगांचा प्रवेश होईल, मग नाटक सुरू करा." बिचाऱ्या मामांनी काय करावं? नवं नाटक, नवा दिग्दर्शक, आयत्या वेळी प्रवेश घुसवलाय, त्यांना नवल वाटलं नाही. आम्ही अंधारात रंगमंचाच्या मधोमध पोचलो, माझं डावं चाक कुरकुरलं, तिसरी घंटा झाली आणि मामांनी पडदा उघडला. वर दिवेही टाकले.

भरलेलं नाट्यगृह मी त्या बाजूनं प्रथमच पाहिलं. टाळ्या पडल्या. टेलिफोनकाकांनी वाकून माझ्या कानात विचारलं, "बाई, आपल्याला का?" मी म्हटलं, दिसतंय तरी तसंच. त्यावर त्यांनी टाळ्यांच्या दिशेनं वळून, काठी बगलेत मारून असा झोकात नमस्कार केला की अजून टाळ्या. आमचे हे मात्र गांगरून मागे वळले आणि नेपथ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या खिडकीची हात जोडून माफी मागू लागले. त्याला सगळ्यांत मोठा हशा मिळाला. विंगेतून व्यवस्थापक पडदा पाडा अशा खुणा करत होते, त्या मामांना 'पाणी प्यायचंय' अशा वाटल्या, आणि मामा मला 'बोला, बोला' म्हणून खुणावत होते, कारण प्रवेश संपल्याशिवाय पडदा कसा पाडायचा? शेवटी मीच खाकरले. म्हटलं, "रसिकहो, गैरसमज नको. हा नाटकातला प्रवेश नाही. आम्ही नाटक बघायला आलोय आणि आम्हाला आत यायची हीच वाट आहे." दादा, शपथेवर सांगते, ह्याच्याइतकं सरळ वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी! मामांना वाटलं, झाला प्रवेश, आणि समाधानानं पडदा पाडला.

इथवर हसून झालं असेल तर पुढचं वाच. पलीकडच्या विंगेत गेलो तर उतार नव्हता. कुठल्याशा दुसऱ्या सभागृहात मोठा सत्कार होता, तिथे सोफ्यासोबत गेला होता. नाटक थांबवता येईना, मला मागे नेता येईना. मग व्यवस्थापकांनी मला नेपथ्याच्या मागे, प्लायवूडच्या भिंतीशी लावून ठेवलं. समोरून ती भिंत म्हणजे सुखवस्तू दिवाणखाना आहे म्हणे. मागून तिला खिळे, पट्ट्या आणि 'ही बाजू वर' एवढंच आहे. काका उतरून आपल्या जागी जाऊ शकले असते, पण म्हणाले, मला काय, इथूनही ऐकायचं आणि तिथूनही, आणि माझ्याजवळ एका खोट्या झाडाच्या कुंडीवर बसले. मी आख्खं नाटक ते खिळे बघत ऐकलं. पोरगी फार छान बोलत होती. स्वयंपाकघरात अडखळायची तिथे अडखळली नाही. स्वगत आलं, संपत आलं, ती थांबली. काका हळूच म्हणाले, "आता वळली बघा, आवाज समोर गेला." त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. डोळे असलेल्या आणि नसलेल्या अशा दोघांनाही सारखंच नाटक दिसलं. तेव्हा मला रडू आलं, दादा, आणि ते कौतुकाचं नव्हतं. मला राग आला होता. अजून आहे.

पण जगाचा कारभार बघ. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात परीक्षण आलं. 'आरंभीच्या धाडसी प्रवेशात ज्येष्ठ अभिनेत्रीनं खुर्चीतील स्त्रीची वेदना मोठ्या संयमानं उभी केली. तिच्या पतीच्या भूमिकेतील कलाकार मात्र अतिनाट्याच्या आहारी जातो' असं छापलंय. ह्यांनी 'अतिनाट्या'भोवती लाल गोल केलाय, पण चूक कुठली ते सांगत नाहीत. दिग्दर्शक घरी येऊन गेला, प्रत्येक प्रयोगाला आम्ही तिघांनी आधी तसंच यावं अशी गळ घालून गेला. आणि व्यवस्थापकांनी फोनवर कळवलं की समितीत चर्चा झाली आणि प्रेक्षकांना हा प्रवेश इतका भावल्यामुळे पायऱ्यांवरच्या उताराची तूर्त निकड उरलेली नाही. बघ ना, उतार बांधायला दगड हवा, गवंडी हवा, मंजुरी हवी. मला नटी करायला नुसता एक फोन पुरतो. तुमची वास्तू खरोखरच सर्वांसाठी खुली आहे, फक्त प्रेक्षकांच्या बाजूनं नाही.

तर मला झालेला लाभ हा असा आहे. आता ह्यातले दोन शब्द कुठले बोलावेत ते तूच सांग. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला माझ्यातर्फे एक सहानुभूतीचा दृष्टिक्षेप.

तुझी धाकटी,
भिंगरी
(लहानपणी पायाला लागली होती म्हणून तूच ठेवलेलं नाव. आता चाकांना लागली आहे.)

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात वहिनीचा फोन. तू गच्चीच्या जिन्यात पडलास आणि डॉक्टरांनी पुरस्काराला जायचं तर चाकाच्या खुर्चीतूनच असं बजावलंय म्हणे. फार लागलं नाही ना? आधी तेवढं कळव, मग मी हसते. व्यवस्थापकांनाही बातमी पोचली. त्यांनी मला अनुभवी म्हणून विचारलं की दादासाहेबांना कुठल्या वाटेनं आणावं. मी म्हटलं, आखलीय त्यांनीच, त्यांना पाठ असेल. तरी तू केस विंचरूनच निघ. पडदेवाल्या मामांना 'दादासाहेबांचा प्रवेश' असा निरोप गेलेला आहे.

ता. क. २. घाबरू नकोस, मी समारंभात बोलेन आणि गोडच बोलेन. ग्रॅनाइटची झिलई, कुंड्यांची रचना, व्यवस्थापकांची धावपळ, सगळ्याची वाखाणणी करीन. तुझं नाव घेताना आवाज जरा कापरा करीन, तेवढा आता मला जमतो, परीक्षण तू वाचलंसच. ह्या पत्रातलं अक्षरही तोंडातून बाहेर पडणार नाही. त्या बदल्यात माझं एक काम कर. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मला सरळ मागता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

ता. क. ३. तुझ्या सत्काराला सोफा येणार, म्हणजे तो लाकडी उतारही येणार. तुझ्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी तिथेच तुझ्या भाचीच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. पुढे नाटक बंद होतंय. उतार समारंभाच्याच संध्याकाळी परत न्यायला माणसं येतील, त्यांना अडव. पुरस्कार तुझा आहे, तुझं एक दिवस तरी ऐकतील. तो उतार रंगमंचावरून काढून प्रेक्षागृहाच्या दारात, त्या 'एवढ्याच' पायऱ्यांवर लावायला सांग. ते म्हणतील, हा फक्त सोफ्यासाठी आहे. वाद घालू नकोस. सांग की उद्याही एक सोफाच येतोय, जरा जुना आहे, चालताना कुरकुरतो. त्याला पहिल्या रांगेत कडेला ठेवा, तोंड रंगमंचाकडे करून. ती वळेल तेव्हा तो तिच्यासमोर असला म्हणजे झालं.